वाळ्याचा सुवास : मनाचें स्वास्थ्य व मेरेवरील लागवड

गेल्या फाल्गुन महिन्यांत सावंतवाडी तालुक्यांतील आमच्या एका सभासदाचें पत्र आम्हांस आलें. त्यांतील मजकूर असा कीं, थोरला मुलगा कुटुंबासह मुंबईस राहावयास गेल्यापासून त्यांच्या वृद्ध मातोश्रींस रात्रीं झोंप येत नाहीं. दिवसां त्या पडवींत एकट्याच बसून असतात. जेवणांत लक्ष नाहीं, बोलणें कमी झालें आहे. अशांत दारावर आलेल्या एका फिरत्या विक्रेत्यानें परदेशी सुगंधी तेलांच्या तीन लहान बाटल्या त्यांस भारी किंमतीस विकल्या. ह्या तेलांच्या वासानें झोंप लागते, उदासपणा जातो व रक्तदाबही आपोआप उतरतो, असें त्यानें सांगितलें. आणि त्या बोलण्यावर विश्वासून मातोश्रींनीं दवाखान्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवस घेतल्याच नाहींत. पत्राच्या शेवटीं दोन प्रश्न होते. सुवासानें मनास बरें वाटतें ह्यांत कांहीं तथ्य आहे, कीं सारीच फसवणूक आहे? आणि तथ्य असल्यास, जो वाळा आपल्याच व्हाळाच्या कांठीं उभा आहे तो मेरांवर लावून, त्याचीं मुळें खणून घरांत वापरावीं व उरलेलीं विकावीं, हें कितपत हिताचें?

प्रश्नांच्या आधीं जें सांगणें अवश्य होतें तें आम्हीं त्याच दिवशीं कळविलें : गोळ्या बंद ठेवूं नयेत, दुसऱ्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा व डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें औषध चालू करावें. राहिलेल्या दोन प्रश्नांचें उत्तर मात्र पत्रांत मावण्याजोगें नव्हतें. शिवाय असाच प्रसंग आमच्या इतर वाचकांच्या घरींही येण्यासारखा आहे. म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों.

सावंतवाडीचा जुना वाळा

वाळा ही आमच्या प्रांतास नवी वस्तु नव्हे. संस्कृतांत उशीर व हिंदींत खस म्हणतात तें गवत हेंच. इ. स. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंपिरियल गॅझेटियरच्या खंडांत सावंतवाडी संस्थानांतील कारागिरीचें वर्णन आहे. त्यांत लाखेचीं खेळणीं, गंजिफा व शिंगांच्या शोभेच्या वस्तु ह्यांच्याबरोबर सोनेरी कलाबतु आणि सोनकिड्यांचे पंख लावून सजविलेले वाळ्याचे पंखे, करंड्या व पेट्या ह्यांचाही उल्लेख आहे. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. लाखेचीं खेळणीं सावंतवाडीच्या चितारआळींत आजही मिळतात. वाळ्याचा पंखा मात्र जुन्या घराच्या माळ्यावर एखाद्या पेटींत सांपडला तर सांपडावा.

पंखा करावयास बांबू, ताडपत्र असे अनेक पदार्थ हाताशीं असतां कारागिरानें मुळेंच कां घेतलीं असावीं, ह्याचा विचार केल्यास वाळ्याचा विशेष गुण ध्यानांत येतो. फुलाचा वास एका दिवसांत उडून जातो. वाळ्याचें तेल जड असल्यामुळें मुळांतून तें अगदीं सावकाश बाहेर पडतें. आणि कोरडीं पडून वास मंद झालेल्या मुळांवर पाणी शिंपडलें कीं तो पुन्हां दरवळतो. एकदां केलेली वस्तु ह्याप्रमाणें अनेक उन्हाळे उपयोगीं पडते.

एक भेद मात्र लक्षांत ठेवावा. देशावर उन्हाळ्यांतील हवा कोरडी असते. म्हणून तेथें भिजविलेल्या वाळ्याच्या ताटीमधून येणारा वारा चांगलाच थंड होतो. पाणी वाफ होऊन उडतांना उष्णता घेऊन जातें, एवढेंच त्याचें कारण आहे. आमच्या किनाऱ्यालगतची वैशाखांतील हवा आधींच दमट असल्यामुळें येथें तितका गारवा मिळत नाहीं. कोंकणांत वाळ्याचा खरा लाभ त्याच्या वासाचा होय.

वास मनापर्यंत कसा पोंचतो

नाकाच्या पोकळीच्या छताशीं एक लहानसा पडदा असतो. त्यांतील पेशींवर गंध ओळखणारे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक असतात. श्वासाबरोबर आलेले गंधाचे सूक्ष्म कण त्यांस स्पर्श करतात आणि तेथून निघालेला संदेश मेंदूच्या पुढील भागांतील गंधकंदांत जातो. ह्या ग्राहकांचा शोध रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींचे संदेश मेंदूंतील एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढें जातात. गंधाचा संदेश त्या ठाण्यावर न थांबतां, भीति, आनंद व आठवण ह्यांच्याशीं निगडित असलेल्या भागांत थेट शिरतो. म्हणूनच सुरंगीच्या वळेसराचा वास आला कीं, कोणीं कांहीं सांगण्यापूर्वींच माहेरचें अंगण आठवतें. आणि पहिल्या पावसानें भिजलेल्या मातीच्या वासानें नांगर काढण्याची इच्छा होते. तेव्हां सुवासाचा मनावर परिणाम होतो हें खरें आहे. पत्रांतील पहिल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें झालें.

लाभ किती व कोठपर्यंत

उरलेलें अर्धें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. सुगंधोपचारास पाश्चात्त्य देशांत जें ‘अरोमाथेरपी’ असें नांव आहे, तें रेने-मॉरिस गातफॉसे ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचें. १९३७ सालीं त्याच नांवाचें त्याचें पुस्तक निघालें. त्यानंतर ह्या उपचाराचा व्यापार जगभर वाढला व त्याबरोबर दावेही वाढले. ह्या दाव्यांची छाननी ब्रिटनमधील कुक व अर्न्स्ट ह्या दोन अभ्यासकांनीं केली व २००० सालीं तेथील एका वैद्यकीय मासिकांत तिचा निष्कर्ष दिला. सुगंधी तेलाच्या मर्दनानें चिंता थोडी हलकी होते, परंतु तो परिणाम सौम्य व अल्पकाळ टिकणारा असतो; चिंतेच्या विकारावर उपचार म्हणून त्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाहीं, असें त्यांस आढळलें.

आमच्या मतें शेतकऱ्यानें हाच हिशेब मनांत धरावा. दिवसभराच्या श्रमानें शिणलेल्या, निजावयास जातांना मन अस्वस्थ असलेल्या माणसास सुवासानें घटकाभर स्वस्थता मिळते. ही घटकाभराची स्वस्थता क्षुल्लक नव्हे. पुष्कळदां तेवढ्यानेंच झोंपेस वाट मिळते. परंतु रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा खोल गेलेली उदासी ह्यांवर सुवास हें औषध नव्हे.

कालिदासाच्या शाकुंतलांतील तिसऱ्या अंकाचा प्रसंग येथें आठवण्याजोगा आहे. शकुंतलेच्या अंगाचा दाह शमावा म्हणून प्रियंवदा उशीराचा लेप व कमळाचीं पानें घेऊन जाते. दाह उन्हाचा असावा असें इतरांस वाटतें. पण दुखणें मनाचें असतें. लेपानें तें बरें होत नाहीं. सख्या जवळ बसून कारण विचारतात, शकुंतला तें सांगते, आणि मगच पुढचा मार्ग दिसूं लागतो. उशीराचा लेप निरर्थक होता असें नाहीं. तो घेऊन कोणीतरी जवळ आलें, हा त्याचा मोठा गुण होता. पडवींत एकटें बसलेल्या वृद्ध माणसाजवळ वाळ्याची जुडी ठेवून आपण निघून जाणें व ती जुडी भिजवून आणून घटकाभर त्याच्याजवळ बसणें, ह्यांत मोठें अंतर आहे.

घरांत वापरण्याची रीत

१. मुळें प्रथम वाहत्या पाण्यांत माती पूर्ण निघेपर्यंत धुवावीं व सावलींत वाळवावीं. कडक उन्हांत वाळविल्यास तेल उडून वास कमी होतो.

२. मुठीएवढी जुडी सुतानें बांधावी. निजण्यापूर्वीं अर्धा तास तिच्यावर पाणी शिंपडून ती उशाजवळच्या खिडकींत टांगावी. सकाळीं ती काढून वाऱ्यावर सुकूं द्यावी. सदैव ओली ठेवलेल्या जुडीस बुरशी येते. बुरशी आलेली जुडी टाकून द्यावी.

३. एकच वास सतत येत राहिला तर थोड्या वेळानें नाकास तो कळेनासा होतो. म्हणून दिवसभर घर सुवासानें भरून टाकण्यांत अर्थ नाहीं. ठराविक वेळीं, थोडा वेळ, हीच रीत चांगली.

४. वासाबरोबर संवयही लावावी. जेवण उरकलें, दिवा मंद केला, मोबाइल दूर ठेवला, कामाच्या व देण्याघेण्याच्या गोष्टी थांबविल्या व मग जुडी टांगली, असा क्रम रोज त्याच वेळीं ठेवला असतां कांहीं दिवसांनीं तो वास आला कीं मन निजेची तयारी करूं लागतें. केवळ वासापेक्षां ह्या संवयीचा उपयोग अधिक होतो.

५. पिण्याच्या पाण्यास वास यावा म्हणून माठांत वाळा घालण्याची चाल जुनी आहे. त्यासाठीं निराळी, स्वच्छ धुतलेली लहान जुडी घ्यावी, ती दोन-तीन तासांनीं काढावी, व पाणी मात्र आधींच शुद्ध केलेलें असावें. वाळ्यानें पाणी निर्जंतुक होत नाहीं.

वृद्ध माणूस सुवासास कांहींच प्रतिसाद देत नसेल तर त्यास वास येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वयोमानानें, तसेंच २०२० सालापासून पसरलेल्या कोविडच्या आजारानंतर पुष्कळांची गंधशक्ति मंद झालेली आहे. तिच्याबरोबर जेवणाची गोडीही जाते. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें हुमेल ह्यांनीं २००९ सालीं एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार वास रोज दोन वेळां, बारा आठवडे, लक्षपूर्वक घेतल्यानें कांहीं रोग्यांची गंधशक्ति सुधारली. हे चारही पदार्थ आपल्याकडे सुलभ आहेत. अन्नास चव नाहीं म्हणून जेवण टाकणाऱ्या वृद्धांकडून हा अभ्यास करवून पाहावा.

बाटलींतील तेलाविषयीं सावधगिरी

मुळांतील तेल व बाटलींतील तेल ह्यांत मात्रेचा मोठा फरक आहे. शंभर किलो वाळलेल्या मुळांपासून साधारणतः अर्धा ते दीड किलोच तेल निघतें. म्हणजे बाटलींतील एका थेंबांत कितीतरी मुळांचा अर्क सांठविलेला असतो. असें तेल अंगास तसेंच लावूं नये. कातडीस आग होऊन पुरळ येतो. लावावयाचेंच असल्यास चहाच्या एका चमचाभर खोबरेल तेलांत दोन थेंबांहून अधिक घालूं नयेत व प्रथम मनगटावर लावून एक दिवस वाट पाहावी. पोटांत तर कधींही घेऊं नये.

निलगिरीचें तेल व कापूर मुलांच्या हातीं लागतील असे ठेवूं नयेत. लहान मुलाच्या पोटांत त्यांचा थोडा अंश गेला तरी आंकडी येऊन जीव धोक्यांत येतो. तसें झाल्यास घरगुती उपाय करीत न बसतां तात्काळ रुग्णालय गांठावें. तान्ह्या मुलाच्या नाकाशीं ते लावणेंही घातक आहे. दम्याच्या माणसाच्या खोलींत धूप किंवा उदबत्ती जाळूं नये. सुवासाबरोबर जो धूर जातो तो फुप्फुसास त्रास देतोच. गरोदर स्त्रिया व अपस्माराचे रोगी ह्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तीव्र तेलें वापरूं नयेत.

आणि जो विक्रेता चालू औषध सोडावयास सांगतो, त्याचा माल कितीही अस्सल असला तरी त्यास दारांतूनच परत पाठवावें. झोंप न येणें, जेवण नकोसें होणें, कशांतच मन न रमणें हें दोन आठवड्यांहून अधिक चाललें, किंवा जगणें नकोसें झाल्याचे उद्गार माणसाच्या तोंडून निघूं लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्यावें. शासनानें २०२२ सालीं ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास सल्ला मिळतो व त्यास पैसे पडत नाहींत. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं. गाय दोन दिवस वैरण खात नाहींशी झाली तर आपण जनावरांच्या डॉक्टरांस बोलावतों. मग घरच्या माणसाविषयीं संकोच कां बाळगावा?

मेर वेगळी, खणावयाचा वाफा वेगळा

आतां दुसरा प्रश्न. मेरांवर वाळा लावावा व त्याचींच मुळें खणावीं हा विचार सकृद्दर्शनीं फायद्याचा वाटतो. परंतु त्यांत मोठा धोका आहे. आमच्या भागांत वर्षास दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. वरकस जमिनींतील माती आधींच उथळ, खालीं जांभा. अशा जमिनीचा जो थर एका पावसाळ्यांत वाहून जातो तो परत मिळत नाहीं. वाळ्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात व चांगल्या जमिनींत नऊ-दहा फुटांपर्यंत पोंचतात; वर दाट ठोंब पाण्याचा वेग मोडतात व गाळ अडवितात. कर्नाटकांतील गुंडलुपेट भागांतील शेतकरी ह्याकरितां बांधांवर वाळा पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले आहेत. त्याचा प्रसार पुढें १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेचे ग्रीनफील्ड व ग्रिमशॉ ह्यांनीं केला. १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें ह्या गवतावर स्वतंत्र पुस्तकही काढलें.

ह्याच्या उलट अनुभवही नमूद करण्याजोगा आहे. हैतींत व जाव्यांत तेलासाठीं उतारांवरील वाळा खणून काढल्यामुळें मोकळी झालेली माती पावसानें वाहून गेली व डोंगरउतार उघडे पडले. जें गवत मातीचें रक्षण करतें, तेंच खणलें असतां तिच्या नाशास कारण होतें. म्हणून आमचा नियम असा : मेरेवरचा वाळा कधींही खणूं नये, खणावयाचा वाळा सपाट जागेंत, निराळ्या वाफ्यांत लावावा.

मेरेवरील लागवड : उत्तर भारतांतील जातीस बीं धरतें, दक्षिणेकडील जात क्वचितच फुलते व तिला रुजणारें बीं धरत नाहीं. मेरेसाठीं बीं न धरणारी जात घ्यावी, म्हणजे ती शेतांत पसरत नाहीं. जुने ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे गड्डे करावे, पात सहा-आठ इंच ठेवून छाटावी, आणि मृगाचा पाऊस स्थिरावतांच उतारास आडव्या एका ओळींत चार ते सहा इंचांवर लावावे. मधें खांडें राहिल्यास पाणी तेथूनच फुटतें. म्हणून मेलेल्या ठोंबांच्या जागीं त्याच पावसाळ्यांत नवे भरावे. कुंपण दाट होण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. पात वर्षांतून दोन-तीनदां फूट-दीड फुटावर कापावी. कोंवळी असतां गुरें खातात, जून झालेली माडांच्या व पोफळींच्या आळ्यांत आच्छादनास उपयोगीं पडते.

खणावयाचा वाफा : ह्यासाठीं परसांतील रेताड, मऊ व पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी. चिकण किंवा दगडाळ जमिनींत मुळें तुटतात व खणणावळ अंगावर येते. दोन फूट बाय एक फूट अंतर ठेवल्यास गुंठ्यास सुमारें साडेपांचशें ठोंब लागतात. आषाढांत लावलेला वाळा अठरा महिन्यांनीं, म्हणजे पुढच्या खेपेच्या पौष-माघांत, कोरड्या दिवसांत खणावा. लवकर खणल्यास तेल कमी व हलकें मिळतें. फार उशीर केल्यास मुळें जाड व निकस होतात. मध्यम जमिनींत गुंठ्यास पंधरा ते वीस किलो वाळलेलीं मुळें धरावीं. खणून झाल्यावर तो वाफा पावसाळ्यापूर्वीं पुन्हां लावून टाकावा. उघडा ठेवूं नये.

ह्या हिशेबानें गुंठाभर वाळ्यांत एका घरास पुरून शेजाऱ्यांस देण्याइतकीं मुळें होतात. त्यांपासून तेल काढण्याच्या भरीस मात्र पडूं नये. गुंठ्याच्या मुळांतून निघणारें तेल फार तर कांहींशें ग्रॅम. आणि वाळ्याची भट्टी तर अठरा ते चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक वेळ चालवावी लागते. जळणाचाच खर्च त्यांत निघणार नाहीं. मोठ्या क्षेत्रावर व्यापारी लागवड करूं इच्छिणाऱ्यांनीं लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें काढलेल्या सुधारित जातींची माहिती घ्यावी, व गिऱ्हाईक ठरल्यावांचून ठोंब विकत घेऊं नयेत.

परसांतील इतर सुवास

वाळ्यास अठरा महिने लागतात. तोंवर घर सुवासावांचून राहील असें नाहीं. वेंगुर्लें व सावंतवाडी ह्या भागांत सुरंगीचीं जुनीं झाडें आहेत. उन्हाळ्याच्या आरंभीं त्यांच्या फांद्यांवर कळ्यांचे गुच्छ येतात. त्या वाळविल्या तरी वास टिकतो व अत्तरवाले त्या विकत घेतात. ओवळाचें, म्हणजे बकुळीचें, फूल सुकल्यावरही महिनोन्‌महिने दरवळतें. झाडाखालीं पडलेलीं फुलें वेंचावयास वृद्धांस व मुलांस बरोबरच बसतां येतें. काजूच्या लागवडीसाठीं जागा मोकळी करतांना अशीं झाडें तोडण्यापूर्वीं वाचकांनीं दोनदां विचार करावा. कलम दोन-चार वर्षांत फळास येतें; जुनी सुरंगी आजच्या हयातींत पुन्हां उभी राहत नाहीं.

असो. ज्यांच्या पत्रामुळें हा लेख लिहिला, त्यांचें दुसरें पत्र चैत्राच्या अखेरीस आलें. डॉक्टरांनीं मातोश्रींचा रक्तदाब फार वाढलेला पाहून गोळ्या त्याच दिवशीं चालू केल्या, व झोंपेविषयीं पुन्हां दाखवावयास सांगितलें आहे. माळ्यावरील पेटींत एक जुना वाळ्याचा पंखा सांपडला. मातोश्रींनीं तो ओळखला व आपल्या सासूबाईंचा असल्याचें सांगितलें. संध्याकाळीं त्यावर पाणी शिंपडून नातीस वारा घालतांना त्या अलीकडे थोडें बोलूं लागल्या आहेत. झोंप अजून पुरती येत नाहीं. आम्हांस एवढें खरें वर्तमान पुरेसें वाटतें.

मृग लागण्यास आतां फार दिवस राहिले नाहींत. ज्यांस वाळा लावावयाचा असेल त्यांनीं व्हाळाच्या कांठचे ठोंब आतांच हेरून ठेवावे, मेरेचे निराळे व वाफ्याचे निराळे मोजावे, आणि व्हाळाचा कांठही उघडा पडूं नये म्हणून एक आड एक ठोंब काढून बाकीचे जागीं राहूं द्यावे.